केसीचा पहिला शिंपला

"हात लावू नका! ते बाबांचं फावडं आहे!"

ओल्या वाळूत पाय रोवून केसी ओरडला. त्याच्याहून उंच दांड्याचं ते अरुंद फावडं त्याने छातीशी कवटाळलं होतं. ऑर्व्हिलने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुझंच आहे रे राजा. मी आपला चिखल पुसत होतो."

केसीच्या आईने, नॅडीनने, मान वळवली. दोन हिवाळ्यांपूर्वी केसीचा बाप खेकडे धरायला बोटीवर गेला, तो परतलाच नाही. या फेब्रुवारीत तिने ऑर्व्हिलशी लग्न केलं. तो गावातला कचऱ्याचा ट्रक चालवतो. भल्या पहाटे डबे आपटता आपटता चर्चमधली भजनं म्हणतो, म्हणून कोणी आवाजाची तक्रार करत नाही. काही माणसांना देव ओझी उचलायला लावतो खरा, पण तोंडी गाणंही देतो.

धाकटी टेस तर पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीवर चढून बसली. सहा वर्षांच्या केसीने मात्र काल तंबू ठोकतानाच बजावलं होतं, "मला नाही आवडलं ना, तर मी आजीकडे राहायला जाणार. कायमचा." आणि पोरगा बापाच्या वळणाचा, बोलला की करणार.

ओहोटीने किनारा लांबवर उघडा पडला होता. वाळूला खळी पडली की खाली लांबट शिंपला असतो. केसीने खळी हेरली, सगळं अंग टाकून फावडं दाबलं. कर्र! शिंपला निघाला तो चिरलेला, मांसात वाळू भरलेला.

शेजारी खणणारा म्हातारा म्हणाला, "दे फेकून लाटेत! कोण बघतंय? दुसरा काढ की!"

केसीने शिंपला फेकायला हात उचलला. पण या किनाऱ्याचा कायदा असा, की माणशी दिवसाला ठरलेलेच शिंपले काढायचे, आणि आधी हाती आलेले लहान असोत, फुटके असोत, त्याच वाट्यात मोजायचे. कायदा सगळ्यांना ठाऊक, आणि पाळणारे थोडे.

"नको, बाळा," ऑर्व्हिल म्हणाला. "हाती आला तो आपला. टाकलास तर मरेलच तो, वर वायाही जाईल."

"बाबांचे कधीच फुटायचे नाहीत!" केसीचा आवाज फुटला. "फुटायचे का?"

नॅडीनने ऑर्व्हिलकडे पाहिलं. 'त्यांचेही फुटायचे' एवढं त्याने ठोकून दिलं असतं, तरी पोर तिथल्या तिथे जिंकता आलं असतं.

"मला नाही रे ठाऊक," ऑर्व्हिल म्हणाला. "मी त्यांच्याबरोबर कधी खणलं नाही. हे आईला ठाऊक." एवढं बोलून त्याने टेसला खांद्यावर घेतलं आणि तो लांब चालू लागला. मायलेकांना आणि नसलेल्या माणसाला त्याने जागा करून दिली होती.

नॅडीन वाकली. "फुटायचे. पुष्कळ फुटायचे. मग तुझा बाबा मोठी शिवी हासडायचा, आणि मुकाट्याने आपल्याच पिशवीत टाकायचा."

"कुठली शिवी?"

"तुझं लग्न झालं की सांगेन."

केसी नाक पुसत हसला. शिंपला पिशवीत गेला.

दुपारी तंबूपुढे तिने शिंपले पिठात घोळवून लोण्यात तळले. फुटका कितीही धुवा, वाळू सगळी निघत नाही. केसीने तव्यातून आपला नेमका ओळखून काढला आणि ऑर्व्हिलच्या ताटलीत ठेवला.

"हा तुम्ही खा."

ऑर्व्हिलने तो तोंडात टाकला. कचकच नॅडीनलाही ऐकू आली. त्याच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. सावकाश चावून त्याने गिळला.

"वाळू लागली?" केसीने विचारलं.

"लागली की. पण आत गोड आहे."

केसीने आपली ताटली उचलली आणि त्याच ओंडक्यावर येऊन बसला. दोघांच्या मध्ये एक मूल मावेल एवढी जागा होती. ऑर्व्हिल तसूभरही सरकला नाही.

"उद्या ओहोटी कधी आहे?" समुद्राकडे बघत केसीने विचारलं.