मोरपंखी शाल पांघरलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे बरं का! माझा एक दरवाजा उघडताना कुरकुरतो आणि चढ आला की मी जरा धापा टाकते, एवढेच. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग दुधावरच्या सायीसारखा होता. आता तो चहावरच्या सायीसारखा झाला आहे.

माझे मालक घड्याळे दुरुस्त करतात. सगळे त्यांना टिकटिककाका म्हणतात. मला घरी आणले त्या दिवशी त्यांनी माझी चारही चाके पुसली आणि काकू पुढच्या सीटवर बसून विणायला लागल्या. काकूंना विणल्याशिवाय करमत नाही. त्यांच्या घरात किटलीला टोपी आहे, रेडिओला झगा आहे आणि स्टुलाच्या पायांत मोजे आहेत. मग मी तरी कशी सुटणार?

त्यांच्या लेकीला मी शाळेत पोहोचवले, परीक्षेला नेले, तिच्या लग्नात फुले लावून मिरवले. तेव्हा सगळे माझे कौतुक करत. पुढे तिने स्वतःची चकचकीत गाडी घेतली आणि मी अंगणात एका बाजूला उभी राहू लागले. तरी सकाळचे काम माझ्याकडेच होते. काकूंचे गुडघे आखडतात. पुलापलीकडे गरम पाण्याचा तलाव आहे, तिथे त्या व्यायाम करतात. काका त्यांना रोज माझ्यातून नेत. परत येताना काकू पायऱ्या विनाआधार चढत, आणि ते बघून मला बरे वाटे.

यंदाच्या उन्हाळ्यात माझा डॅशबोर्ड तडकू नये म्हणून काकूंनी त्याच्यासाठी जाडजूड मोरपंखी शाल विणली. काचेला भिडेल अशी, अगदी घट्ट बसणारी. येणारे-जाणारे डोकावून बघत. खोटे कशाला सांगू, मीही फुशारले होते.

मग थंडी आली. काचेच्या बुडाशी माझी एक लांब फट आहे. तिच्यातून गरम वारा वर येतो आणि काचेवरचे दव घालवतो. आता ती फट शालीखाली गेली होती. पंखा घोंघावे, काकांच्या पायांना ऊब लागे, पण काच मात्र धुरकट ती धुरकटच. एका सकाळी काकांनी मला फाटकाच्या खांबावर घासले.

कळताच लेक तिच्या घरून धावत आली. "बाबा, एवढा मोठा खांब दिसला नाही तुम्हाला?"

"अगं, काच धुरकट होती."

"काच नाही, तुमची नजर धुरकट झालीय!"

"खसखशीएवढा स्क्रू उचलतो मी अजून."

"जवळचं दिसतं हो, लांबचंच दिसत नाही. रविवारी किल्ली माझ्याकडे द्या. ही गाडी आता काढून टाकू."

काकांचा चेहरा पडला. काकू स्वतःचे गुडघे चोळू लागल्या.

काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या मेकॅनिकच्या हातात कायम पाना, म्हणून त्याला सगळे पानेवाला म्हणतात. त्याने रेडिएटरचे पाणी पाहिले. हीटरचे पाइप हाताने चाचपले, दोन्ही गरम होते. हवेची जाळी काढली, तर तिच्यात वाळक्या पानांचा भुगा. ती बदलून त्याने बटण काचेकडे फिरवले आणि फटीवर तळहात धरला. वारा कसा सणसणीत! "झालं काम," तो म्हणाला. दुसऱ्या सकाळी काच पुन्हा धुरकट. पुन्हा गॅरेज, पुन्हा सणसणीत वारा.

"काका, गाडीत काही दोष नाही," असे म्हणून पानेवाला काकांच्या चष्म्याकडे बघू लागला.

गंमत काय होती, सांगू? मला गॅरेजमध्ये नेण्याआधी काकू शाल काढून घेत आणि घरी आणल्यावर मायेने पुन्हा पांघरवत. मला सगळे दिसत होते, पण सांगणार कशी? हॉर्न वाजवणे काही माझ्या हातात नसते.

पानेवाल्याला मात्र चैन पडेना. शनिवारी सकाळी तो स्वतःच घरी आला. काका इंजिन आणि पंखा चालू ठेवून हातरुमालाने काच पुसत होते. तो दार उघडून आत वाकला, तोच काकू लंगडत बाहेर आल्या.

"अरे थांब, थांब! आधी ती शाल काढू दे. तेलकट हात लागतील तुझे!"

"काकू, ही रोज इथं असते?"

"रोज. का रे?"

"मग मला कधी दिसली नाही ती?"

"तुझ्याकडे यायचं म्हणजे काढून ठेवते ना मी!"

पानेवाल्याने काकूंच्या पिशवीतला लोकरीचा धागा घेऊन शालीवर धरला. धागा निपचित लोंबत राहिला. मग त्याने शालीची कड उचलली. धागा टुणकन उडाला आणि काच खालून वर स्वच्छ होत गेली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे यांची नजर नाही, माझी लोकर आडवी आली!"

"आणि मी बापडा आठवडाभर गाजरं खातोय!" काका म्हणाले. दोघेही हसत सुटले. हसता हसता काकूंचे डोळे मात्र भरून आले.

रविवारी लेक आली. काकांनी तिला शेजारी बसवले. बाहेर कडाक्याची थंडी, पण माझी काच लख्ख. पुलाच्या अलीकडूनच काकांनी पलीकडची पाटी वाचली, "नदीत पोहू नये." मग खालची बारीक ओळही वाचली, "कुत्र्यांनाही पोहायला सोडू नये." लेकीने पुढे वाकून पाहिले. तिला वरचीच ओळ वाचता आली.

घरी आल्यावर काकांनी ठरल्याप्रमाणे किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग तिने किल्ली त्यांच्याच खिशात टाकली. "उद्या आईला उशीर करू नका," ती म्हणाली.

शाल आता उसवली आहे. त्या लोकरीची एक चिमुकली टोपी माझ्या किल्लीला मिळाली, उरलेल्या लोकरीचा मफलर पानेवाल्याला. तुम्हीही आपल्या जुन्या वस्तूंवर माया करा, मित्रांनो, फक्त त्यांच्या श्वासाला थोडी वाट ठेवा. आणि एखादे म्हातारे माणूस "काच धुरकट आहे" म्हणाले, तर त्याच्या चष्म्याकडे बघण्याआधी एकदा काचेकडे बघा.