कच्चे टाके

नणंद पुन्हा पडद्यामागे कुजबुजत होती.

गिऱ्हाइकांना कपडे घालून बघता यावेत म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात तो पडदा लावलेला. कच्चे टाके घालायला मदतीला बसलेल्या बाईसाहेब रोज दुपारी काम सोडून त्याच्यामागे जायच्या, आणि टेलरीण मशीन थांबवून उठली की गप्प! आता माणसाच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय?

टेलरिणीचा नवरा रंगकाम करायचा. शिडीवरून पडला तो अजून शुद्धीवर नव्हता, आणि उद्या सकाळी त्याच्या डोक्याचं ऑपरेशन होतं. पडला त्याच दिवशी सकाळी तिनं देवाला ‘प्रभू, सांभाळ’ म्हणून त्याला घरातून पाठवलं होतं. सांभाळला म्हणे! तेव्हापासून तिच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नव्हता. ‘प्रभू’ म्हणायची आणि तिथंच अडायची. आपल्या या मुकेपणापायी नवरा हातचा जाईल, या भीतीनं ती आतून पोखरून निघाली होती.

आणि नणंदेला ते कळलं होतं, याची तिला खात्री होती. सगळ्या नातेवाइकांना फोनवर हेच सांगत असणार ही: नवरा मरणाच्या दारात आणि बायको साधी प्रार्थना करत नाही. वर माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन!

तावातावानं ती उठली, आणि थबकली. नणंदेचा फोन कापायच्या टेबलावर पडला होता.

मग ही बोलते कुणाशी?

चप्पल काढून ती दबक्या पावलांनी पडद्याशी गेली.

“माझ्या नवऱ्याला मला परत दे,” नणंद म्हणत होती.

नवरा? हिचं तर लग्नच झालेलं नाही! टेलरिणीनं पडदा खसकन ओढला. नणंद स्टुलावर डोळे मिटून, हात जोडून बसलेली.

“ताई, कोण नवरा? कुणाचा नवरा?”

“तुझा गं बाई!” नणंद दचकून म्हणाली. “हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी तू ‘प्रभू’ म्हणालीस आणि गप्प झालीस. बघितलं मी. म्हटलं, हिचं हिला जमेपर्यंत आपण म्हणावं. हिच्या वतीनं.”

“मग लपून कशाला?”

“तू चिडली असतीस.”

ते खरंच होतं.

“आणि मी प्रार्थना काही पुरी करत नाही हं,” नणंद घाईघाईनं म्हणाली. “आपल्या कामासारखंच. मी कच्चे टाके घालून ठेवते, पक्की शिवण तू मारतेस. ‘आमेन’ मी एकदाही म्हटलेलं नाही. ते तुझं.”

टेलरीण स्टुलाशी जमिनीवर बसली. इतके दिवस जिच्यावर दातओठ खात होती, तिच्याच मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. देवावरचा राग गेला नव्हता, पण त्याच्यासमोर ती आता एकटी नव्हती. खूप बरं वाटलं तिला.

“म्हणा ताई,” ती नाक पुसत म्हणाली. “पहिल्यापासून म्हणा. सावकाश.”

नणंदेनं म्हटलं. शेवटाशी येऊन थांबली.

“आमेन,” टेलरीण म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

“अहो, आहे का कुणी?” बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं. “माझं शिवून झालं का?”

“थांबा जरा!” टेलरीण आतूनच खेकसली. “आमचं अजून चाललंय!”