किल्ल्या सरकारी होत्या

आमच्या चावडीतला टीव्ही धुरपतावैनी आली की बंद पडायचा. एखाद्या वेळी नव्हे, दर रविवारी. सिनेमा सुरू असायचा, सगळं गाव दाटीवाटीनं बसलेलं असायचं, ती दारात यायची आणि पडदा काळा व्हायचा.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी गावचा कोतवाल होतो आणि धुरपताबाई माझ्या थोरल्या चुलतभावाची, आश्रुबाची बायको. टीव्ही सरपंच दिनकररावांच्या मेहुण्यानं कुवेतहून आणलेला. तिकडं जुना झाला म्हणून त्यानं तो इकडं गावाला दिला. त्याच्यासोबत हातात मावेल असा एक काळा ठोकळा होता. त्याला रिमोट म्हणायचं, हे आम्हाला गुरुजींनी सांगितलं. वायर नाही, दोरी नाही, ठोकळ्याचं बटण दाबलं की लांबचा टीव्ही चालू आणि पुन्हा दाबलं की बंद. पहिल्या रविवारी सिनेमा कोणी पाहिलाच नाही. ज्यानं त्यानं एकेकदा बटण दाबून पाहिलं, तेवढ्यात सिनेमा संपला.

टीव्ही लावायची रीत ठरलेली होती. आधी गावातली मोठी माणसं येऊन बसायची. मग दिनकरराव यायचे. ते गादीवर बसले आणि मला म्हणाले, "बस," की मी उंबऱ्याला टेकायचो. मगच गुरुजी टीव्ही लावायचे. धुरपतावैनीला रोजगाराहून येऊन भाकरी थापून निघायचं, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी यायची. थोरली भावजय समोर आल्यावर मी काही बसून राहणार नव्हतो. मी उठायचो, तिला आत जागा करून द्यायचो. तेवढ्यात टीव्ही बंद पडलेला असायचा.

दोन-तीन रविवार लोकांनी विजेला शिव्या दिल्या. चौथ्या रविवारी लोक पडद्याऐवजी दाराकडं बघायला लागले.

त्यातच डिसेंबरात भुजंगचं पत्र आलं. भुजंग हा धुरपतावैनीचा एकुलता एक. पलटणीच्या बँडात होता. दोन वर्षं त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं लिहिलं होतं की सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या परेडमध्ये मी आहे, मोठा ढोल माझ्याच पोटावर आहे, आपल्या चावडीत टीव्ही आलाय असं कळलं, तर आईनं बघावं. गुरुजींकडून वैनीनं ते पत्र चार वेळा वाचून घेतलं. पाचव्यांदा ती गेली तेव्हा तिला एवढंच विचारायचं होतं, की ढोलवाला किती वेळ दिसतो. गुरुजी म्हणाले, मिनिटभर धरा.

त्या मिनिटासाठी टीव्ही चालू राहायला हवा होता, आणि ती तिथं असायला हवी होती. या दोन गोष्टी एकत्र होत नव्हत्या.

दिनकररावांनी मानवतहून बन्सीधर मेकॅनिकला बोलावलं. बन्सीधरनं पाठीमागचं फळकुट काढलं, आत फुंकर मारली, ठोकळा कानाला लावला आणि सांगितलं की ह्यातनं आवाज निघतो. आम्हाला तर काही ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज आहे, टीव्हीला मात्र येतो. चांदी, लोखंड, काहीही एकमेकांवर किणकिणलं तरी त्यात तसाच बारीक आवाज असतो, आणि टीव्हीला वाटतं की बटण दाबलं.

मग सगळ्यांनी धुरपतावैनीच्या हातांकडं पाहिलं. हिरवा चुडा, आणि त्याच्या मागंपुढं चांदीचे जाड गोट.

"काढून ठिवा म्हणावं, रविवारच्या रविवार," दिनकरराव मला म्हणाले. ती समोर उभी होती तरी मला म्हणाले.

वैनी म्हणाली, "ह्ये गोट लग्नात चढलेत. आता मनगट कापल्याबिगर निघत न्हाईत. आन् चुडा काढायला आमचे मालक अजून जिते हायती."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा स्वतः चावडीत आला आणि दिनकररावांपुढं उभा राहिला. "मी जिता हाय का न्हाई, ते बघून लिहून घ्या," म्हणाला. ग्रामसेवकानं खरोखरच लिहून घेतलं. आश्रुबा जिवंत असल्याचा कागद पंचायतीच्या दप्तरात आजही असेल.

मग पंचायतीनं सरसकट हुकूम काढला. रविवारी सिनेमाच्या वेळी चावडीच्या आसपास किणकिणणारी कोणतीही वस्तू असू नये. अंमलबजावणी माझ्याकडं. मी पोतं घेऊन घरोघर फिरलो. बैलांच्या घुंगरमाळा, पोरांचे वाळे, भजनाचे टाळ, एका म्हातारीचा अडकित्ता, सगळं पोत्यात घातलं. ज्या बैलांच्या घंटा निघाल्या नाहीत त्यांच्यात कापूस कोंबला. कापसाला आमच्याकडं तोटा नव्हता. मारुतीच्या घंटेला पुजाऱ्यानं स्वतःच फडकं बांधलं, ते काम मला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. दिनकररावांच्या वाड्यातली पैंजणं यादीत नव्हती. आणि हे सगळं गोळा करत मी गावभर हिंडत होतो तेव्हा माझ्या कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता.

चावडी, दप्तराची खोली, धान्याचं गोदाम, कोंडवाडा, अशा त्या किल्ल्या. त्यातल्या चारांची कुलपं निजामाच्या काळातच हरवली होती. पण दप्तरी अकरा लिहिलेल्या होत्या म्हणून अकरा सांभाळायच्या, आणि कोतवालाच्या कमरेवरून त्या हलवायच्या नाहीत, असा नियम होता. त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही. मलाही सुचलं नाही. किल्ल्या सरकारी होत्या.

धुरपतावैनी पुढच्या रविवारी दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत कापूस गुंडाळून, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधून आली. हात विहिरीत पडून मोडल्यासारखे दिसत होते. ती दारात आली, मी उठलो, टीव्ही बंद पडला.

आता मात्र लोक तिच्यापासून सरकून बसायला लागले. दिनकररावांनी बन्सीधरला पुन्हा बोलावलं. बन्सीधर ठोकळा घेऊन बटण दाबत दाबत मागं चालत गेला. पंधरा पावलांपर्यंत टीव्हीनं ऐकलं. सोळाव्याला काहीच नाही. "पंधरा पावलांपलीकडं ह्याला कोणाचंच ऐकू येत न्हाई," असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. मग दिनकररावांच्या हुकुमानं मी चावडीभोवती सोळा पावलांवर चुन्याची रेघ मारली. वैनीनं रेघेच्या पलीकडं थांबायचं.

दोन रविवार ती तिथं येऊन बसली. माझी पाठ दाराकडं असायची, ती कधी आली, कधी गेली, मला कळलंसुद्धा नाही. टीव्ही एकदाही बंद पडला नाही. गावाची खात्री झाली. माझीही झाली, हे मी लपवत नाही. मी तिला विचारलं, तिथनं काय दिसतं. ती म्हणाली, "निळा उजेड दिसतो, भाऊजी. माणसं हायती का झाडं, ते कळत न्हाई."

सव्वीस जानेवारीला दिनकररावांना झेंडावंदनासाठी मानवतला जायचं होतं. जाताना मला सांगून गेले, की परेड सगळ्या गावाला बघायची आहे, तोंड बाहेर करून उंबऱ्यावर बसायचं आणि धुरपताला रेघ ओलांडू द्यायची नाही. त्यांची वाट बघता बघता परेड सुरू झाली म्हणून गुरुजींनीच टीव्ही लावला. दिनकररावांशिवाय टीव्ही लागला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी बाहेर बघत बसलो होतो. ती आली. कापूस बांधलेले हात पोटाशी धरून रेघेपाशी थांबली. पाऊल रेघेच्या पलीकडंच. माझं अंग सवयीनं उठलं.

आत टीव्ही बंद पडला.

लोक ओरडले. गुरुजींनी पुन्हा लावला. मी खाली बसलो आणि विचार करू लागलो. ती सोळा पावलांवर. टीव्हीला पंधरापलीकडचं ऐकू येत नाही. मग ऐकू आलं कोणाचं? मी बघावं म्हणून पुन्हा उठलो. टीव्ही बंद. बसलो. गुरुजींनी लावला. तिसऱ्यांदा जरासा उठलो आणि या वेळी कान माझ्या कमरेकडं होता. किल्ल्या खुळखुळल्या, टीव्ही बंद.

चार महिने तो आवाज माझा होता. भावजयीला मान द्यायला उठत होतो आणि तिच्या तोंडावर टीव्ही बंद करत होतो.

गुरुजींनी टीव्ही पुन्हा लावेपर्यंत मी जुडगा दोन्ही हातांनी मुठीत धरला, भिंतीला पाठ लावली आणि बसल्या जागेवरून म्हणालो, "वैनी, या आत."

ती जागची हलली नाही. तिला वाटलं मला काही तरी झालं असावं. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्याशी बसून बोललो नव्हतो. "भाऊजी, पाय दुखायलेत का?" म्हणाली.

"न्हाई. आज बसूनच. या तुमी."

ती रेघ ओलांडून आली. आतल्या बायांनी डोळे मिटून घेतले. टीव्ही चालूच राहिला. ती माझ्या शेजारून आत गेली आणि पडद्यासमोर बसली.

पलटणी जात होत्या. उंट गेले. तेवढ्यात जीप वाजली आणि दिनकरराव दारात आले. मला बसलेला बघून ते थांबले. गेल्याच महिन्यात नामांतरासाठी आमच्या वस्तीतली माणसं परभणीला मोर्चाला गेली होती, मीही गेलो होतो. त्यांच्या डोक्यात तेच आलं असणार.

"मोर्च्यातनं आल्यापासून लय ताठ झालास का रे, नागनाथ?"

"मालक, उठलो की टीव्ही बंद पडंल."

"किल्ल्या काढून ठिव मग."

"काढल्या तरी वाजत्याल."

त्यांनी ऊठ म्हणून पुन्हा सांगितलं. सबंध नोकरीत मी त्यांच्यावर दुसऱ्यांदा सांगायची पाळी कधी येऊ दिली नव्हती. माझं अंग सवयीनं उठायला निघालं. आतून गुरुजी म्हणाले, बँड आला. आणि सगळी चावडी एका आवाजात मला म्हणाली, बस. पाटलाची माणसं म्हणाली, वाण्याचा म्हातारा म्हणाला, पुजारी म्हणाला. धुरपतावैनीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "बसा भाऊजी," एवढंच म्हणाली.

मी बसलो. दिनकररावांना आत यायचं तर मला ओलांडून यावं लागलं असतं. ते दारातच उभे राहिले.

मिनिट काही झालं नाही, पाच-सहा सेकंद असतील. ढोल दिसला, त्यावर भुजंगचं तोंड दिसलं, पुढं बघणारं. मग घोडे आले. वैनी पडद्याकडं बघत राहिली, घोडे जाईपर्यंत. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "ढोल लय मोठा दिलाय त्याला."

महिन्याच्या बैठकीत माझा विषय निघाला. कोतवाल सरपंचांसमोर बसून राहिला, हे खरं. किल्ल्या कमरेवरून हलवता येत नाहीत, हेही खरं. टीव्ही बंद पडू द्यायचा नाही, यावर तर सगळ्या गावाचं एकमत. दोन तास चर्चा झाली. शेवटी ग्रामसेवकानं ठराव लिहिला, की टीव्ही चालू असेपर्यंत कोणीही आलं तरी कोतवालानं बसून राहावं. खाली दिनकररावांची सही, माझा अंगठा. चुन्याची रेघ मी त्याच संध्याकाळी खराट्यानं पुसली, त्याला ठराव लागला नाही.

पुढच्या रविवारपासून दिनकरराव टीव्ही लागायच्या अर्धा तास आधी यायला लागले, म्हणजे तो लागेपर्यंत मी उभा. मग मी एक तास आधी टीव्ही लावून ठेवायला लागलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या, खरखर आवाज, चावडीत तिसरं कोणी नाही. ते गादीवर बसायचे, मी उंबऱ्यावर बसायचो, आणि आम्ही दोघं मुंग्या बघायचो.

धुरपतावैनी मात्र सगळ्यांच्या शेवटीच यायची. ती दारात दिसली की मी जुडगा एका मुठीत करकचून आवळायचो, दुसरा हात भिंतीला लावायचो, आणि एकही किल्ली वाजू न देता हळूहळू उठायचो.