तंगीचे महिने

कुणालाही बोलतं करायला दीपमालाला दोन मिनिटं पुरत. कासार आंबोलीत वाढलेली पोर ती. तिथं बांधावर परका माणूस दिसला तरी आधी चहा विचारायचा आणि चहा संपायच्या आत कुणाचं कुणाशी पटत नाही तेही सांगून मोकळं व्हायचं, अशी रीत. या रीतीपायी कितीकांच्या जमिनी गेल्या नि त्यांवर शनिवार-रविवारचे बंगले उठले, तरी रीत काही सुटली नाही. मारुंजीच्या ऑफिसात तिच्या साहेबानं, मनीषनं, तिचा नेमका हाच गुण हेरला होता.

हे ऑफिस पिकांचे अंदाज विकायचं. दीपमालाच्या वाट्याला आफ्रिकेतला घाना देश आला होता. तिथलं पाम तेल वाढतंय की घटतंय, हे तिनं शोधायचं. मोठ्या कारखान्यांचे आकडे सहज मिळाले. पण तिथलं बरंचसं तेल गावोगावच्या बाया काढतात, छोट्या गिरण्यांवर, पिंपात पामचं फळ शिजवून. त्याचा हिशोब कोण ठेवणार? मग तिनं खटपट करून अकोसुआला गाठलं. गावातल्या बाया जमवून गिरणी चालवणारी, पन्नाशीची, तोंडानं फटकळ बाई.

"हे सगळं कुणाला हवंय?" अकोसुआनं पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण प्रश्न सरळ होता.

दीपमालानं तो मनीषला विचारला. तो म्हणाला, "सांग ना, छोट्या गिरण्यांना मशीन द्यायची योजना आहे."

मनीष काही परका नव्हता. पहिली नोकरी त्यानं दिली. घरी येऊन आईच्या हातची भाकरी खाल्ली, तिला मावशी म्हणाला. त्याच्या भरवशावर दीपमालानं अकोसुआला आपला शब्द देऊन टाकला.

मग अकोसुआनं काही हातचं राखलं नाही. फळ कधी मुबलक असतं, तंगीचे महिने कोणते, त्या महिन्यांत कोणकोणते बागवाले फळ देतात, सगळं सांगितलं. "तेवढं फळ आटलं तर आमची चूल विझली," ती म्हणाली. "बाया एकदा पांगल्या की पुन्हा जमत नाहीत."

घरी गोजराबाई लेकीचं बोलणं ऐकायची. इंग्रजी कळत नव्हतं, पण विचारपूस कळत होती.

"लई इचारतीस गं त्या बाईला. कशापायी?"

"आई, त्यान्ला मशीन मिळणार हाय."

"तुज्या चुलत्यानं बी जमिनीच्या एजंटाला असंच समदं सांगितलं व्हतं. कोण अडलाय, कुणाची पोरगी लग्नाची हाय. एजंट बरुबर त्याच दारात गेला."

"मनीषदादा तसला न्हाई," दीपमाला फणकारली.

एक दिवस दुपारी तेलाच्या कंपनीचे दोन साहेब पेढे घेऊन ऑफिसात आले. पडद्यावर दीपमालाचाच आलेख होता. फक्त छोट्या गिरण्यांची जी रेघ तिनं चढती काढली होती, ती खाली खाली येऊन शून्याला टेकली होती.

"तुमचा सल्ला कामाला आला," त्यातला एक साहेब मनीषला म्हणाला. "तंगी सुरू झाली आणि आम्ही त्या बागवाल्यांचं सगळं फळ चढ्या भावानं उचललं. दोन हंगामांत गिरण्या बंद पडतील. मग भाव आम्हीच ठरवू."

दीपमालाच्या हातातला पेढा हातातच राहिला. साहेब गेल्यावर ती मनीषपुढं उभी राहिली. "आणि मशीन?"

"कसलं मशीन?" मनीष हसला. "अगं, तसं सांगितलं नसतं तर त्या बायका बोलल्या असत्या का? तू फार छान काम केलंस. तुझा पगार वाढवतोय मी."

तिला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. ज्याला दादा म्हटलं त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि तोही तिच्याच जिभेनं, तिसऱ्याच कुणाचा.

ती तशीच जिन्यात आली आणि तिनं अकोसुआला फोन लावला.

"बरं झालं, तूच फोन केलास," अकोसुआ घाईघाईत म्हणाली. "मशीन कधी येतंय? इथं फळच मिळेना. नव्या गाड्या आल्यात, आमच्याच बागवाल्यांच्या दारात. चार बाया काम सोडून गेल्या."

दीपमालानं सगळं सांगितलं. मशीन नाही, कधी नव्हतंच. त्या गाड्यांना वाट आपणच दाखवली. सांगताना ती रडत होती.

"तुला ठाऊक होतं?" अकोसुआनं विचारलं.

"नाही. शपथ, नाही."

"मग माझ्या बायांना काय सांगू? तू लबाड होतीस, की खुळी?"

"खुळी," दीपमाला म्हणाली.

"लबाड असतीस तर बरं झालं असतं," अकोसुआ म्हणाली. "लबाडाला मी ओळखलं असतं. त्याला मी काहीच सांगितलं नसतं."

आणि तिनं फोन ठेवला.