बांधावरच्या जुड्या

आमच्या खाडीकाठच्या शेतांत एक रीत होती. लावणी आटपली की भाताच्या उरलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर ठेवायच्या, मुळं पाण्यात राहतील अशा. ज्याला कमी पडली त्याने न विचारता न्यायच्या. रोपं विकायची नाहीत, मागायची नाहीत. कोणी ठेवली आणि कोणी नेली, हे बोलायचंही नाही.

बावन्न सालच्या आषाढात उधाणाने खाडीचा बांध फुटला. शेजारचा सेबेस्टियन दोन दिवस छातीभर पाण्यात उभा राहून चिखलाच्या ढेपा लावत होता. बांध सांधला गेला, आम्हा पाच-सहा जणांची रोपं वाचली. त्याचा वाफा मात्र सगळ्यात खाली. खाऱ्या पाण्याने तो जळून पिवळा पडला. शेत नांगरून, चिखल करून तयार आणि लावायला काडी नाही.

माझी लावणी झाली तेव्हा चाळीस जुड्या उरल्या. त्या घेऊन मी निघालोही होतो. बांध पाहिला तर मोकळा. पलीकडच्या शेतातल्या शत्रुघ्नची लावणी माझ्या आधी उरकलेली, पण त्याची एकही जुडी तिथे नव्हती. मनात आलं, पुन्हा उधाण आलं तर? आपलीच रोपं जळाली तर कशाने भरायची? रेशनच्या किडक्या तांदळावर घरातली सहा माणसं जगवायची? मी मागे फिरलो. घरामागच्या केळींत, सांडपाण्याच्या चरात जुड्या ठेवल्या आणि वर केळीची पानं पसरली.

"काय झाकताय?" बायकोने, कृष्णाबाईने विचारलं.

"कोनी ठेवली नाय बांधावर. मीच का ठेवू?"

"मग कीर्तनात मान कशाला डोलवता? आखडते म्हनून?"

मी वर आणखी एक पान टाकलं.

सेबेस्टियन रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारी. खाली बघत जाई, खाली बघत येई. मी आपला हाक मारून विचारायचो, "उघडीप पडली रे?"

"पडली," म्हणायचा आणि हसायचा.

संध्याकाळी चार माणसं जमली की प्रत्येक जण म्हणे, "औंदा कोनालाच उरली नाय." मीही म्हणायचो. त्या रिकाम्या बांधाने आम्हा सगळ्यांचीच सोय केली होती.

अकरा दिवस असे गेले. सोमवारी देवळात कीर्तन होतं. बुवांच्या मागे टाळ धरून उभं राहायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं सुख. त्या दिवशी बुवांनी नामाचा गजर धरला आणि माझा टाळ चुकला. एकदा नाही, तीनदा. बुवांनी वळून पाहिलं. देवाचं नाव ओठावर येईना. डोळे मिटले की पिवळा वाफा दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीतली पानं बाजूला केली. अर्ध्या जुड्या कुजल्या होत्या. उरलेल्या डोक्यावर घेऊन, सगळ्यांच्या देखत, मी बांधावर नेऊन मांडल्या.

तासाभरात शत्रुघ्न आला, डोक्यावर मोठी टोपली. "सापडल्या रे कुठंतरी," तो म्हणाला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे आले. त्यांनाही सापडल्या होत्या. दुपारपर्यंत सेबेस्टियनच्या अर्ध्या शेताला पुरतील एवढ्या जुड्या झाल्या. रोपं जून झाली होती, तरी त्याने लावली.

पुढच्या सोमवारी बुवांनी आख्यानात दात्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "लांब कशाला जाता? टंचाईत पहिली जुडी बांधावर ठेवणारा आपला श्रीपत इथंच आहे!" गळ्यातला हार काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांमध्ये बसलेली कृष्णाबाई जमिनीकडे बघत होती.

हार हातात घेऊन मी तडक सेबेस्टियनच्या घरी गेलो. तो ओटीवर दोर वळत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

त्याने दोर खाली ठेवला नाही. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "माझा रेडा सुटून तुझ्या केळीत शिरला होता. तोंडात हिरवी रोपं घेऊन उभा. मी त्याला ओढून आनला आन् पानं होती तशी परत झाकली."

"कधी?"

"तू झाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मग मागितली का नाहीस रे?"

"मागितली असती तर तू नाय म्हनाला असतास. आन् तो शब्द तोंडातून गेल्यावर तुला माझ्या ओटीवर यायला जमलं असतं? म्हटलं, वाट बघू." त्याने दोराला पीळ दिला. "बस ना. उभा का?"

मला बसवेना.

त्याच्या उरलेल्या अर्ध्या शेतात त्या वर्षी नुसतं लव्हाळं माजलं. माझ्या शेताकडे जायला ते लव्हाळं टाळून जाणारी दुसरी वाट होती, जवळची. भात कापून होईपर्यंत मी ती धरली नाही.