शुक्रवारी बघू

भिवंडीतल्या कामतघरच्या लूमांनी, म्हणजे यंत्रमागांनी, चाळीस वर्षांत हाशिमचाचांचे कान खाऊन टाकले होते. समोरचा माणूस ओरडून बोलला तरी त्यांना निम्मंच कळायचं. पण लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली, की आत काय झिजलंय ते चाचा बरोब्बर सांगायचे. अट एकच, दिवस शुक्रवारचा हवा. शुक्रवारी कारखाने बंद आणि जमिनीची थरथरही बंद. एरवी कुणी काहीही घेऊन आला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "शुक्रवारी बघू."

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तेच उत्तर धाकट्या भावाला, एजाजला दिलं होतं. तो मंगळवार होता. एजाजच्या लूममध्ये तीन ठोके सरळ आणि चौथा लंगडा पडत होता. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर हाडाला लावून तो आजूबाजूच्या थरथरीतही ऐकला, लक्षण चांगलं नाही हेही त्यांना कळलं, तरी त्यांनी ते शुक्रवारवर ढकललं. गुरुवारी लूममधला सूत वाहणारा धोटा उसळून एजाजच्या कानशिलात बसला आणि तो जागीच गेला. "लूम अचानक बिघडला," असं चाचांनी सगळ्यांना सांगितलं. एजाजची बायको सफिया त्यावर विश्वास ठेवून अकरा वर्षं त्यांना गरम भाकरी वाढत आली. ती भाकरी चाचांच्या घशाखाली कशी उतरायची, ते त्यांनाच ठाऊक.

या शुक्रवारी टेबलावर खेळातल्या आगगाडीचं इंजिन होतं, वीतभर लांबीचं. ते बँकेतल्या केदारचं. या माणसाने घरात जेवायच्या टेबलावर रूळ टाकलेत आणि स्वतः पाटावर बसून जेवतो. "चाचा, मोटर फार आवाज करते," म्हणून तो परवा ते ठेवून गेला होता. नमाज झाली, जेवण झालं, आणि चाचा खांबाला टेकवलेल्या आपल्या टेबलाशी बसले. घराच्या वरच्या मजल्यावर बारा लूमचा कारखाना, त्याला कुलूप. आतल्या खोलीत सफिया नातीला, आयतला, कुशीत घेऊन आडवी झाली होती.

इंजिन उघडल्याबरोबर चाचांनी कपाळाला हात लावला. केदारने आत लूमचं जाड तेल ओतलं होतं. भिवंडीत काहीही कुरकुरलं की त्यावर हेच औषध, मग ते दार असो की शिलाई मशीन. त्या तेलात रुई चिकटून दात्यांना अस्तर बसलं होतं. चाचांनी सगळं पुसलं, मोटरचे कार्बन ब्रश साफ केले, सुईच्या टोकाने एकच थेंब बारीक तेल सोडलं आणि वायर जोडली. चाकं गरगरली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हाडाला लावला.

कुरकूर गेली होती. तिच्याखाली दुसरंच काहीतरी वाजत होतं. तीन ठोके सरळ, चौथा लंगडा.

चाचांनी वायर काढली. चाकं थांबली, ठोके थांबले नाहीत. मोटर बाहेर काढून तळहातावर घेतली आणि ऐकली, तर ती गप्प. इंजिनचा डबा उचलून धरला, तोही गप्प. मग त्यांनी टोक नुसत्या टेबलाला टेकवलं. तीन सरळ, एक लंगडा. खांबाला टेकवलं तेव्हा ते इतकं जोरात वाजलं की त्यांचा हात मागे आला. एजाजचा लूम भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली होती. आज वर एकही लूम चालू नव्हता.

चौथ्या ठोक्याबरोबर खांबाच्या पोटात काहीतरी तुटत होतं. तो आवाज मात्र सिमेंटचा होता.

त्यांनी सफियाला हलवून उठवलं. "पोरीला घे, बाहेर चल. खांब जातोय."

सफियाने खांबाकडे पाहिलं. त्याला केसाएवढीही चीर नव्हती. "खांबाला काय पण झालेलं न्हाय, भाईजान. उद्या मालकाला सांगू."

"आत्ता चल."

"तुम्हाला धड ऐकू येत न्हाय, आणि पोरीला उठवायला सांगता?" तिने आयतच्या अंगावरची चादर सारखी केली.

गॅस गळतोय असं खोटं सांगता आलं असतं. चाचांना ते सुचलंही. पण या आवाजावर ते एकदा खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा जीभ वळेना.

"हा आवाज मी पैला पण ऐकलाय," ते म्हणाले. "एजाजच्या लूममधे. तो गेला त्याच्या दोन दिवस आधी. मला कळलं होतं, सफिया. मी त्याला बोललो, शुक्रवारी बघू."

सफियाने आयतला उचललं आणि ती अनवाणीच बाहेर गेली. चाचांनी शेजारच्या खोल्यांची दारं बडवून माणसं बाहेर काढली. सगळे रस्त्यावर उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. म्हातारा कामातून गेला, असं कुणीतरी हसून म्हणालंही. तेवढ्यात खांब बसला आणि वरचे बारा लूम छपरासकट त्यांच्या घरात उतरले.

धूळ खाली बसली तेव्हा सफिया रस्त्याच्या पलीकडे उभी होती. चाचा रस्ता ओलांडून गेले. केदारची मोटर अजून त्यांच्या मुठीत होती.

"तुम्ही शुक्रवारी बघू बोललात," सफियाने विचारलं, "तेव्हा तो काय बोलला?"

"बोलला, भाईजान, तुम्ही सांगता तर चालवतो."

सफियाने मान हलवली. दिघाशीला तिचं माहेर होतं. तिने रिक्षाला हात केला आणि आयतला मांडीवर घेऊन आत बसली. रिक्षात आणखी एकाला जागा होती. तिने त्यांना बोलावलं नाही.