हॅम्बुर्गच्या अलीकडे

गुरुनाथांनी हँडब्रेक सोडला, क्लच दाबून गिअर दुसऱ्यात टाकला आणि समोर बघत म्हणाले, "चढ आहे. घट्ट धर."

शैलजाताईंनी डॅशबोर्डवरची दांडी धरली. जीप हलली नाही. हलायची नव्हतीच, पुढच्या चाकांना विटा लावलेल्या होत्या, इंजिन बंद होतं आणि समोर गॅरेजची भिंत होती.

भिंतीवर मात्र इराण होतं. खिळ्यांना अडकवलेल्या नकाशावर झरोक्यातलं संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, आणि गुरुनाथ सांगत होते की हे सगळे डोंगर चुनखडीचे, एके काळी समुद्राच्या तळाशी निवांत पडून होते, मग जमिनीने दोन्हीकडून रेटलं आणि त्यांच्या घड्या पडल्या. उभी हयात त्यांनी चंदीगडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं होतं. शैलजाताई डोळे मिटून ऐकत. डोळे मिटले की वारा लागायचा, अगदी खरा, कोरडा वारा, आणि ओठांवर मीठ जाणवायचं. मागच्या गल्लीतून गस्तीची गाडी गेली की गुरुनाथ हळूच म्हणत, "इराणी पोलीस," आणि दोघंही ती लांब जाईपर्यंत गप्प बसत.

आपल्याच घराच्या गॅरेजात लपून परदेश हिंडायची वेळ या दोघांवर निरोप समारंभामुळे आली. विभागाने मोडीत काढलेली ही जुनी जीप गुरुनाथांनी निवृत्तीनंतर लिलावात घेतली, स्वतः खोलून पुन्हा जोडली, कुठल्या कुठल्या वकिलातींचे उंबरे झिजवून परवानग्या मिळवल्या. चंदीगडहून जर्मनी, तेही जमिनीवरून. महाराष्ट्र मंडळाला एवढं निमित्त पुरेसं होतं. बॉनेटला हार घातला, चाकापुढे नारळ फोडला, दोघांच्या तळहातावर दही ठेवलं, आणि अध्यक्ष सदाशिवरावांनी परतल्यावर होणाऱ्या स्लाइड शोची घोषणाही करून टाकली.

बियासच्या पुलाअलीकडे पोलिसांनी जीप अडवली. अमृतसरला कर्फ्यू होता. पाकिस्तानात जायची वाघा सीमा गाड्यांना बंद होती. कधी उघडेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अंधार पडता पडता दोघं मागच्या गल्लीने घरी आली. एवढ्या थाटात निघाल्यावर कुठल्या तोंडाने लोकांपुढे जायचं? गुरुनाथ म्हणाले, चार दिवस कुणाला कळवायला नको, सीमा उघडली की गुपचूप निघू. पेपर बंद, दूध बंद, पुढच्या खोल्यांचे पडदे ओढलेले. घराची किल्ली शेजारच्या सरोज भल्लांकडे होती. झाडांना पाणी घालायला आल्या तर स्वयंपाकघरात शैलजाताई भेंडी चिरत बसलेल्या. बाई तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसल्या. मग कुणाला सांगणार नाही, पक्का, असं वचन देऊन मागच्या भिंतीवरून दूधभाजी पोचवू लागल्या.

सीमा काही उघडली नाही. एका संध्याकाळी गुरुनाथ उगाच जीपमध्ये जाऊन बसले. शैलजाताई शेजारी येऊन बसल्या आणि थट्टेने विचारलं, कुठवर आलो? गुरुनाथांनी थट्टा केली नाही. "मुलतान," ते म्हणाले.

तेव्हापासून प्रवास नेमाने चालला होता. बॉनेटवर स्टोव्ह ठेवून चहा व्हायचा. संसारात एवढं बोलणं दोघांत कधी झालं नव्हतं, आणि शैलजाताईंना या गॅरेजात जे सुख लाभलं ते पुढच्या दिवाणखान्यात कधी लाभलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट बोलली जात नव्हती. हॅम्बुर्गला रागिणी होती, त्यांची एकुलती एक. दिल्लीत शिखांची कत्तल झाली त्या नोव्हेंबरनंतरच्या हिवाळ्यात तिच्याबरोबर शिकणारा नवतेज गिल तिला मागणी घालायला आला होता, पगडी नीट बांधून, मिठाईचा डबा घेऊन. गुरुनाथांनी त्याला आत बोलावलं नाही. फाटकातच सांगितलं की हे दिवस बरे नाहीत, आणि डबाही परत पाठवला. दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि देश सोडला. रागिणीची पत्रं आईला येत. गुरुनाथ त्यांना हात लावत नसत. मग एकाएकी ही जीप आली. युरोपातले खडक बघायचे आहेत, एवढंच ते म्हणाले. शैलजाताई काय ते समजल्या, आणि विचारलं तर बेत मोडेल म्हणून त्यांनी विचारलं नाही. एकट्या विमानाने त्या केव्हाच जाऊ शकल्या असत्या. त्यांना गुरुनाथांना त्या दारात उभं राहिलेलं बघायचं होतं.

तुर्कस्तानात मात्र जीप रेंगाळू लागली. वान सरोवराकाठी गॅस्केट गेलं. मग एका ज्वालामुखीपायी दोन मुक्काम वाढले. इस्तंबूलला तर धुकं म्हणून पडलं की हटायलाच तयार नाही.

"आज तरी निघायचं का?" शैलजाताईंनी विचारलं.

"धुकं आहे, शैला."

"सीमा उघडली असती तरी तुम्ही असेच रमतगमत गेला असतात ना?"

गुरुनाथ बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"पोचलो, आणि तिने मला फाटकातच उभं केलं तर?"

शैलजाताईंना त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"तर फाटकात उभं राहायचं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुनाथ दाढी करून, इस्त्रीचा कोट घालून आले. बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया. एका खडकाचंही नाव त्यांनी घेतलं नाही. जर्मनीत पाऊस होता म्हणाले. मग त्यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला.

"आलं."

ते खाली उतरले. गॅरेजातून घरात जायला एकच दार होतं, स्वयंपाकघराचं. त्या दारापुढे ते थांबले, कोटाचं बटण लावलं आणि दार वाजवलं. आत कुणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी वरच्या मजल्यावरून कुणी उतरून यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते उभे राहिले, आणि पुन्हा वाजवलं. शैलजाताईंना जीपमध्ये बसवेना. त्या उतरल्या, त्यांच्या बाजूने हात घालून नुसतं लोटलेलं दार ढकललं, सरळ पुढच्या खोलीत गेल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथला दिवा लावला.

"इकडे या," त्यांनी हाक मारली. "तिला फोन लावा."

गुरुनाथांनी ट्रंक बुकिंगचा नंबर फिरवला. शैलजाताईंनी हॅम्बुर्गचा नंबर सांगितला; तो त्यांना तोंडपाठ होता.

"किससे बात करेंगे?" ऑपरेटरने विचारलं.

"रागिणी से."

"पूरा नाम बोलिए जी."

गुरुनाथांनी शैलजाताईंकडे पाहिलं.

"रागिणी गिल," ते म्हणाले.

"और इधर से कौन?"

"उसके बाबा."

लाइन मिळायला वेळ लागेल, रिसीवर ठेवून द्या, असं ऑपरेटरने सांगितलं. गुरुनाथ तो कानाशी धरून तसेच राहिले. ठेवल्याशिवाय तिकडून फोन येणार कसा, असं म्हणत शैलजाताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला. खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. ते बसले नाहीत.